पडवीतला पंखा

शिडाच्या होडीला पाण्याखाली भोक नसायचं. फळ्या, फळ्यांच्या फटींत ठासलेला कापूस, वरून तेल आणि डांबर, मागं सुकाणू. बस्स, एवढंच. आमच्या आजाचं उभं आयुष्य तसल्या होड्यांवर गेलं. मग 1960 नंतर कोकणच्या किनाऱ्यावर इंजिनं वाढत गेली, मच्छीमार सोसायट्यांमधून कर्जं मिळू लागली आणि हर्णैतल्या एकेका घराची बोट बदलली. इंजिन आत बसणार, पंखा बाहेर पाण्यात फिरणार, म्हणजे दोघांमधून शाफ्ट जाणार आणि शाफ्टसाठी बोटीच्या मागच्या उभ्या खांबातून आरपार भोक पाडावं लागणार. सुतारानं गिरमिट लावलं तेव्हा आजा तिथून उठून गेला, असं आजी सांगायची. धडधाकट बोटीला आपल्याच हातानं भोक पाडायचं, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. पुढं इंजिनाचं कौतुक घरात सर्वांत जास्त त्यालाच होतं, पण त्या भोकावरून त्याची नजर शेवटपर्यंत हलली नाही.

आम्ही भावंडं जन्मलो ती इंजिनाच्या घरात. सख्खी, चुलत, आत्याची दोन, सगळी एका पंगतीला बसणारी. आमच्या वडीलधाऱ्यांना वारा कळायचा, आमच्या मुलांना जीपीएस कळतो. आम्हाला कळायचा तो शाफ्ट. बोटीचा जो भाग पाण्याखाली असतो, जो धक्क्यावरच्या माणसाला कधी दिसत नाही, त्याची खडान्‌खडा माहिती आमच्या घरातल्या सात वर्षांच्या पोरीलाही असायची. कारण पावसाळाभर तो भाग आमच्या घरात राहायला यायचा.

लोकांना वाटतं, पावसात कोळ्याला काम नाही. समुद्र बंद, जाळी विणायची, सुकी मासळी खायची आणि नारळी पौर्णिमेची वाट बघायची. आता 1 जून ते 31 जुलै अशी मासेमारीबंदीची तारीख कागदावर असते. तेव्हा समुद्रच तारीख सांगायचा. पण बोटीच्या खालच्या अंगाचं सगळं काम त्याच दिवसांत. एरवी ती पाण्यात, तिला हात लावणार कुठून?

हर्णै ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तिथली अडचण ठाऊक असेल. समोर सुवर्णदुर्ग, ऐन किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, बोटींवरची मासळी आणायला पाण्यात शिरणाऱ्या बैलगाड्या, हे सगळं बघायला सुंदर. पण वादळ आलं की बोटीला तिथं आसरा नाही. आसऱ्याला पळायचं ते शेजारच्या आंजर्ल्याच्या खाडीत. कड्यावरच्या गणपतीच्या पायथ्याशी ती खाडी शांत असते, पण तिच्या तोंडाशी गाळ आणि वाळू साचते. भरतीचं पाणी पुरेसं चढलं नसताना बोट आत घेतली की पंखा वाळूत घुसतो. वाळू पंख्याची धार खाते, पातं वाकवते, आणि सर्वांत वाईट म्हणजे बारीक होऊन शाफ्टच्या नळीत शिरते. आमच्या बोटीचं बहुतेक दुखणं त्या खाडीच्या तोंडाशी सुरू व्हायचं. त्या गाळाबद्दल आमच्या घरात जेवढं बोललं गेलं, तेवढं कुठल्या निवडणुकीबद्दलही बोललं गेलं नसेल.

मृग लागायच्या आत, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण बघून बोट वर घ्यायची. खाली ओंडके, पुढून दोरखंड, गावातली माणसं एकमेकांच्या बोटींना खांदा द्यायला हजर. बोट टेकूंवर उभी राहिली की वरून झापं घालून ती शाकारायची. शाकारणी हे मोठ्या माणसांचं काम. आमचा डोळा मागच्या बाजूला असायचा, कारण पंखा उतरवायचा दिवस तोच.

पंखा उतरवणं हे ताकदीचं काम वाटतं. खरं तर ते धीराचं आहे. शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि पंख्याचं भोकही आतून तसंच निमुळतं. वर्षभर इंजिननं पंखा त्या निमुळत्या टोकावर दाबलेला असतो. आधी काटर पिन सरळ करून काढायची. मग दोन नट. पण मोठा नट पूर्ण काढायचा नाही. तो सैल करून दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवायचा. त्यानं शाफ्टचे आटे वाचतात आणि पंखा एकदम सुटला तरी कुणाच्या पायावर येत नाही. मग पुलर लावून तो कसत जायचं, कसायचं, थांबायचं, पंख्याच्या मधल्या बोंडावर आजूबाजूनं हातोड्याचे ठोके द्यायचे, पुन्हा कसायचं. शाफ्टच्या टोकावर घण घालायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा होता. शेजारच्या एका बोटीवर घाईत तसं केलं गेलं, शाफ्टचं टोक पसरलं, नट चढेना आणि अख्खा शाफ्ट लेथवर न्यावा लागला. थोरले काका त्या बोटीचं नाव न घेता ती गोष्ट दर वर्षी सांगायचे. पंखा सुटायचा तेव्हा खणकन आवाज व्हायचा आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो.

मग वाशाला बांधून, दोघांच्या खांद्यावर तो घरी यायचा. ब्राँझचा तीन पात्यांचा पंखा, वीस-पंचवीस किलोचा. धातूला भाव चांगला, त्यामुळे तो उघड्या किनाऱ्यावर ठेवायची सोय नव्हती. पडवीत, जात्याच्या शेजारी, त्याची जागा ठरलेली. नारळी पौर्णिमेपर्यंत तो तिथं असायचा. पाहुणे त्याला अडखळायचे, मांजर त्याच्या पात्यांमध्ये पिल्लं आणून ठेवायची, धाकटी भावंडं त्याला धरून उभी राहायला शिकली.

पहिलं काम साफसफाईचं. वर्षभर पाण्यात राहून पात्यांवर कडक कवचांचे जीव घट्ट बसलेले असायचे. ते लाकडी पट्टीनं खरवडायचे. लोखंडी पट्टी आजा हातात घेऊ द्यायचा नाही, कारण ओरखडा पडला की पुढच्या वर्षी तिथंच जास्त बसतात, असं त्याचं म्हणणं. मग आमसुलाचं पाणी आणि राख. देवाची भांडी आणि बोटीचा पंखा एकाच पाण्यानं उजळायचे. आजीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

उजळल्यावर पंखा बोलायला लागायचा. हे मी उगाच भावनेच्या भरात म्हणत नाही. मळाखाली काही दिसत नाही. स्वच्छ धातू सगळं सांगतो. पात्याच्या टोकाजवळ, मागच्या अंगाला बारीक खड्ड्यांची नक्षी असली तर पंखा फार जोरात फिरतोय किंवा कुठंतरी बिघडलेला आहे. पातं पाणी कापतं तेव्हा त्याच्या एका अंगाला दाब इतका उतरतो की गार पाण्यातही वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातूचा कणकण उडवतात. हे शास्त्र आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. बाबांना ते खड्डे बोटानं चाचपून कळायचे. दुसरी खूण रंगाची. पिवळसर धातूवर कुठं तांबूस, गुलाबी डाग दिसला की बाबांचा चेहरा उतरायचा. खाऱ्या पाण्यात मिश्रधातूतलं जस्त निघून जातं आणि मागं उरतं ते सच्छिद्र, कुचकामी तांबं. वरून आकार तसाच, आतून जोर गेलेला.

तिसरी परीक्षा कानाची. पंख्याला भोकातून दोर ओवून पडवीच्या वाशाला टांगायचं आणि लाकडी हातोडीनं एकेका पात्यावर हलका ठोका द्यायचा. धड पातं लांबवर घुमतं. चीर गेलेलं पातं बद्द वाजतं. ठोका बाबा द्यायचे, ऐकायची आत्या. आत्याला भजनाचं अंग होतं आणि तिच्या कानावर घरातल्या पुरुषांचा पुरता विश्वास होता. "दुसरं पातं उतरलंय रं" असं ती म्हणाली की ते पातं भिंग लावून तपासलं जायचं. एका वर्षी डोळ्यांना काही दिसेना, तरी ती हटेना. शेवटी रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड भुरभुरली, आणि बोंडाजवळ केसाएवढी ओली रेघ खडूतून वर आली. ते पातं समुद्रात तुटलं असतं तर उरलेल्या दोन पात्यांच्या हेलकाव्यानं बुश, ग्लँड, कदाचित गिअरसुद्धा गेला असता, आणि बोट खोल पाण्यात. आत्यानं त्याचा कधी बडेजाव केला नाही. मी मात्र आज तो इथं करते आहे.

पातं वाकलंय का हे बघायला ओट्यावरची शहाबादी फरशी कामाला यायची. घरात सपाट अशी तेवढीच जागा. बोंड खाली टेकवून पंखा ठेवायचा, शेजारी एक काठी उभी रोवून तिच्यावर पहिल्या पात्याच्या टोकाची उंची खुणेनं धरायची, मग पंखा फिरवत दुसरं, तिसरं पातं त्या खुणेशी आणायचं. फरक दिसला तर तो सुतात मोजायचा. एका इंचाचे आठ सूत, हे आम्ही शाळेत जायच्या आधी शिकलो. एखाद्या सुताचा फरक असेल तर पंखा ओतकाम करणाऱ्याकडे जायचा, तो तापवून, ठोकून सरळ करायचा. धारेवरचे बारके दाते घरीच कानशीनं घासून काढायचे, पण तिन्ही पात्यांवर सारखं वजन राहील अशा बेतानं.

नवा पंखा घेणं म्हणजे घरातलं लग्नकार्य. मुंबईला दारूखान्यात जुन्या जहाजांचं सामान मिळतं, तिथून मधल्या काकांनी एकदा एक पंखा स्वस्तात आणला. एसटीच्या टपावरून तो दापोलीला उतरला तेव्हा सगळं घर हरखलं होतं. पंख्याच्या बोंडावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा पंख्याच्या व्यासाचा, एका टोकापासून समोरपर्यंत किती इंच, तो. दुसरा त्याच्या पिळाचा, म्हणजे घट्ट वस्तूत स्क्रूप्रमाणे फिरला असता तर एका फेऱ्यात किती इंच पुढं गेला असता, तो. काकांनी व्यास बरोबर बघून आणला होता. पिळाचा आकडा दोन इंचांनी जास्त निघाला. रिकामी बोट झकास पळाली. जाळं पाण्यात टाकून ओढायची वेळ आली आणि इंजिन काळा धूर ओकायला लागलं; पूर्ण फेरे घेईना, तापू लागलं. ओढकामाला पीळ कमी हवा, हे त्या दिवशी सगळ्या घराला कळलं. काकांना कुणी शब्दानं बोललं नाही. पंखा पुढच्या बसनं परत गेला, आणि आम्ही पोरं ज्याच्या-त्याच्या पंख्याचा दुसरा आकडा वाचत किनाऱ्यावर फिरायला लागलो.

पण पंखा हा दिसणारा भाग. आजाचं मन होतं ते भोकात.

त्या भोकात एक धातूची नळी बसवलेली असते. नळीच्या बाहेरच्या तोंडाला बुश; शाफ्ट त्याच्यावर टेकून फिरतो. आतल्या तोंडाला ग्लँड. पाणी बोटीत येऊ नये म्हणून. बाकी सगळी बोट एका बाजूला आणि हे दोन वीतभर तुकडे एका बाजूला. पंखा उतरवल्यावर बाबा शाफ्टचं टोक दोन्ही हातांत धरून वर उचलायचे, खाली सोडायचे, डावी-उजवीकडे हलवायचे. बुश झिजला असेल तर शाफ्ट आत खुळखुळायचा. किती खेळ आला ते तारेचे तुकडे फटीत सारून बघायचं. हा निकाल ऐकायला घरातल्या बायकासुद्धा किनाऱ्यावर यायच्या, कारण नवा बुश म्हणजे खर्च, आणि तो पावसाळ्यात, जेव्हा घरात पैसा येत नाही. बुश चालण्यासारखा असला तर आई परतताना वाटेत थांबून पोरांना गुळपापडी घ्यायची.

आमचा बुश गनमेटलचा असायचा. एका वर्षी एका कारखान्यानं गनमेटल सांगून साधं पितळ घातलं. डोळ्याला फरक कळत नाही. शिमग्याच्या आधीच शाफ्टचा ठकठक आवाज सुरू झाला. बोट वर घेऊन बघितलं तर बुश गुलाबी पडून नखानं खरवडता येत होता. ऐन हंगामातले दिवस बुडाले, खलाशांची मजुरी अंगावर आली. त्यानंतर आजा बुशाचा प्रत्येक तुकडा आधी कानशीनं घासून, रंग बघून मगच पैसे द्यायचा. मला अजूनही वाटतं, पाण्याखाली जाणाऱ्या धातूत केलेली फसवणूक ही नुसत्या पैशाची फसवणूक नाही. त्या बोटीवर माणसं असतात.

आणि बुश नेमका किती घट्ट असावा, ही तर वेगळीच विद्या. नवशिक्याला वाटतं, जेवढा घट्ट तेवढा चांगला. तसा बसवला तर शाफ्ट तापून बुशाला चिकटतो. बुश आणि शाफ्ट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर फिरता राहायला हवा. वंगण तेच, गारवाही तोच. आजाचं सांगणं एकच असायचं, "पाण्याला वाट ठेव." लेथवाला नवखा असला की आजा स्वतः शेजारी उभा राहायचा.

थोरला दादा पुढं मुंबईच्या गोदीत ॲप्रेंटिस लागला तेव्हा सुट्टीत आल्यावर त्यानं आम्हाला एक हकिकत सांगितली, ती आजाला फार आवडली. पंख्याची आगबोट इंग्लंडात नवी होती तेव्हा त्यांचेही पितळी बुश भराभर झिजून जायचे. मोठमोठी जहाजं त्या भोकातून पाणी घ्यायची. 1854 साली जॉन पेन नावाच्या इंजिनिअरनं धातू सोडून लाकडाचा बुश वापरला. वेस्ट इंडीजकडचं लिग्नम व्हायटी हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि त्याच्या अंगातच चिकट राळ असते. पाण्यानं भिजलं की ते स्वतःच वंगण होतं. आजा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "शेवटी लाकूडच कामाला आलं ना!" शिडाच्या होडीवर वाढलेल्या माणसाला या गोष्टीनं केवढं समाधान झालं असेल, ते आम्हाला तेव्हा नीट उमगलं नव्हतं.

दर दोन-तीन वर्षांनी शाफ्टही बाहेर काढायचा. लाकडाच्या दोन खाचांवर तो आडवा ठेवून एकानं हळूहळू फिरवायचा आणि दुसऱ्यानं खडू शाफ्टच्या अगदी जवळ स्थिर धरायचा. शाफ्ट सरळ असेल तर खडूची रेघ सगळीकडून सारखी उमटते. वाकलेला असेल तर एकाच अंगाला उमटते, वाकण तिथं. खडू धरायचं काम स्थिर हाताच्या पोराला मिळायचं आणि त्यावरून आमच्यात खरीखुरी भांडणं व्हायची.

ग्लँडचं काम मात्र बायकांचं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण काकीच्या हातात ते आलं आणि तिच्याकडेच राहिलं. ग्लँडची डोरी म्हणजे ग्रीस मुरवलेली सुताची चौकोनी वेणी. तिच्या कड्या कापून शाफ्टभोवती एकामागं एक बसवायच्या. काकी शाफ्टच्या जाडीचा लाकडी रूळ घेऊन त्यावर डोरी गुंडाळायची आणि सुरीनं तिरकी कापायची. सरळ कापली तर सांध्यातून पाणी येतं; तिरकी कापली की दोन टोकं एकमेकांवर बसतात. बसवताना पहिल्या कडीचा सांधा वर आला तर दुसरीचा खाली, तिसरीचा बाजूला. सगळे सांधे एका ओळीत आले तर पाण्याला सरळ वाट मिळते. पुरुषांचे हात तिथं जाडेभरडे पडायचे. काकीनं कापलेल्या कड्या ग्रीसच्या डब्यात रांगेनं ठेवलेल्या असत आणि पुढच्या आळीतले लोक त्या मागायला येत.

ग्लँड किती आवळायची, यावर आजा आणि धाकटे काका यांचं कायम वाजायचं. धाकट्या काकांना बोट आतून कोरडी हवी. ते ग्लँड इतकी कसायचे की थेंब पडायचा नाही. आजा म्हणायचा, ठिबकायला हवं. आणि आजाचं बरोबर होतं. फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब आत आले तर डोरी ओली आणि गार राहते. सुकी ग्लँड तापते, डोरी जळते, शाफ्टवर चर पडतात, आणि एकदा चर पडला की कितीही नवी डोरी घाला, पाणी येतच राहतं. ज्याला भोक पाडणंच नको होतं, तोच माणूस आता त्या भोकातून थोडं पाणी येऊ द्या म्हणून भांडत होता. एका हंगामात काकांचा हात ग्लँडच्या पितळेवर भाजला. तेव्हापासून आमच्या बोटीवर थेंब मोजायची रीत सुरू झाली. इंजिनाशी बसणारा खलाशी दर थोड्या वेळानं वाकून हात लावायचा आणि थेंब बघायचा.

बोटीचं हे दुखणं घरी बसून ओळखणारंही एक माणूस होतं. आजी. पहाटे खाडीत शिरणाऱ्या बोटींच्या आवाजांतून ती आपली बोट ओळखायची. ते बंदरातल्या कुठल्याही आजीला यायचं. आमची आजी त्यापुढं जायची. चुलीशी बसून म्हणायची, "पंख्याला काहीतरी लागलंय." बऱ्याचदा खरंच जाळ्याचा किंवा दोराचा तुकडा गुंडाळलेला असायचा. सुती जाळी होती तोवर पंखा ती तोडून टाकायचा. नायलॉन आलं आणि हा त्रास वाढला. नायलॉन तुटत नाही. गुंडाळत जातं, घासून तापतं, वितळतं आणि पंख्यामागं काचेसारखं घट्ट गोठतं. सुवर्णदुर्गाच्या बाहेर एकदा मधले काका कमरेला दोर बांधून, तोंडात करवतीचं पातं धरून बोटीखाली उतरले. लाटेनं बोट वर-खाली होत होती, पंख्याची धार डोक्याजवळ. वर बाबांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला होता, चुकून कुणाचा धक्का लागू नये म्हणून. काका दम घ्यायला वर यायचे, पुन्हा जायचे. पंखा मोकळा झाला, पण बुशाच्या तोंडाशी वितळलेलं नायलॉन पावसाळ्यात छिन्नीनं काढावं लागलं. काकांच्या खांद्यावरची खूण आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. ते त्याबद्दल बोलायचे नाहीत.

श्रावण लागला की पंखा परत निघायचा. निमुळत्या टोकाला निळ्या शाईचा पातळ हात द्यायचा, पंखा चढवायचा, काढायचा, आणि आत शाई कुठं कुठं लागली ते बघायचं. सगळीकडं सारखी लागली तर बैठक चांगली. नाहीतर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून पंखा शाफ्टवर डावी-उजवीकडे फिरवत घासायचा, पुन्हा शाई, पुन्हा घासणं. यात दिवस जायचा. पंखा आधी चावीशिवाय, म्हणजे पंखा आणि शाफ्ट यांच्या खाचांत बसणाऱ्या पट्टीशिवाय, चढवून तो कुठवर बसतो त्याची खूण करायची, मग चावी घालून बघायचं. त्याच खुणेपर्यंत गेला तरच खरा. अलीकडेच थांबला तर तो चावीवर टांगलेला आहे, निमुळत्या टोकावर बसलेलाच नाही, आणि असा पंखा एक दिवस चावी कापून टाकतो. शेवटी नट, काटर पिन. पिन नेहमी नवी. एवढ्याशा पिनेत काटकसर करणाऱ्या माणसाशी आजा बोलायचा नाही. मग आई तिन्ही पात्यांना हळद-कुंकू लावायची, नारळ फुटायचा आणि येत्या उधाणाला बोट पाण्यात जायची.

तरी काम संपलेलं नसायचं. लाकडी बोट टेकूंवर असताना एका आकाराची असते, पाण्यात गेली की दुसऱ्या. फळ्या फुगतात, अंग सैलावतं. म्हणून गिअर आणि शाफ्ट यांची लाईन जमिनीवर कितीही नीट लावली तरी खरी नव्हे. बोट दोन दिवस पाण्यात मुरू द्यायची आणि मग कपलिंगचे बोल्ट सैल करून दोन चकत्यांमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर घालून बघायची. चारी बाजूंना फट सारखी हवी. फरक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायचा. इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्रे सारून ती जुळवायची. हे सगळं अरुंद जागेत, डिझेलच्या वासात, ओणवं होऊन. शेजारपाजारच्या बोटी नारळ सोडून निघालेल्या असायच्या आणि आमची अजून धक्क्याला. आम्हा पोरांना तेव्हा त्याची लाज वाटायची. आज ती वाटत नाही. त्या बोटीचा शाफ्ट समुद्रात तुटल्याचं आमच्या घराला कधी ऐकावं लागलं नाही.

आता पुतण्याची बोट फायबरची आहे. तिचं अंग पाण्यात तेवढं बदलत नाही, लाईन बराच काळ टिकते. शाफ्ट स्टेनलेसचा, बुश रबराचा. रबराला आत लांबट खाचा असतात. वाळूचा कण त्यात घरंगळतो आणि पाण्याबरोबर बाहेर पडतो. आंजर्ल्याच्या गाळाला याहून चांगलं उत्तर आमच्या वेळी नव्हतं, आणि ते मी मोकळ्या मनानं मान्य करते. पण स्टेनलेसला गंज लागत नाही, हे पुतण्याचं म्हणणं मात्र मी मान्य करत नाही. बोट महिनोन्‌महिने उभी राहिली की ग्लँडच्या आत पाणी साचून राहतं, त्याला हवा मिळत नाही, आणि तिथंच शाफ्टला खड्डे पडतात. काकीच्या कड्या जिथं बसायच्या, बरोबर त्याच जागी. बंदीच्या दिवसांत डोरी काढून तो भाग सुकवून बघ, असं त्याला सांगितलं आहे.

आजा, आजी, आत्या, थोरले आणि मधले काका आता नाहीत. आम्ही भावंडं डोंबिवली, रत्नागिरी, मस्कत, हर्णै अशी पांगलो. गणपतीला जमतो तेवढे जमतो. पण जूनमध्ये, बोट वर आली की, पुतण्या सगळ्यांना फोन लावतो आणि मोबाईल शाफ्टच्या टोकाजवळ धरतो. यंदा त्यानं शाफ्ट हलवून दाखवला. मस्कतवाल्यानं अर्धा सूत म्हटलं, दादानं त्याहून कमी. रत्नागिरीवाली म्हणाली, पंखा आधी टांगून ठोका, मग बोलू. बराच वेळ वाद चालला. शेवटी बुश एक हंगाम चालवायचा, डोरी पूर्ण नवी घालायची आणि काटर पिन दादानं मुंबईहून पाठवायची, असं ठरलं.